नकाराची तयारी

चि. बाळास,


तुझं पत्र पोचलं. फोनवर न बोलता लिहिलंस ते बरं केलंस. बराकीत भिंतीला कान असतात आणि असल्या गोष्टी अर्ध्यामुर्ध्या ऐकल्या गेल्या की त्यांचा भलताच अर्थ लागतो.

हाती लागलेल्या माणसाला मारल्याची जी हकिगत रात्री एका जुन्या शिपायानं सांगितली ती खरी की फुशारकी, हे मला इथे बसून कळणार नाही. पण ती ऐकून तुझी झोप उडाली, यात मला काळजी करण्यासारखं काही दिसत नाही. सगळेजण हसले आणि तुला हसू आलं नाही म्हणून तू स्वतःला भित्रा म्हणतोस. मला तसं वाटत नाही.

तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. हाती लागलेल्या, शस्त्र टाकलेल्या माणसावर गोळी घालायला सांगितलं तर काय करायचं? आणि असला प्रश्न ज्याला पडतो त्यानं ही पोलिसातली नोकरी करावी का, की राजीनामा देऊन घरी यावं?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. राजीनाम्याची घाई करू नकोस. प्रश्न पडणारे सगळे घरी आले तर बंदूक फक्त प्रश्न न पडणाऱ्यांच्या हाती उरेल, आणि त्याची किंमत भामरागड-एटापल्लीची माणसं मोजतील.

पहिल्याकडे वळण्याआधी एक सांगतो, म्हणजे मामा एकाच बाजूचं बोलतो असं तुला वाटायला नको. २००९ हे साल आपल्या गडचिरोली जिल्ह्यातलं कोणी विसरलेलं नाही. फेब्रुवारीत मरकेगावला १५, मे महिन्यात हत्तीटोल्याला १६, ऑक्टोबरात लाहेरीला १७ पोलीस नक्षलवाद्यांनी मारले. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याच्या स्फोटात १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक. ही बहुतेक आपल्याच भागातली, आपल्यासारख्याच घरांतली पोरं. खबऱ्या ठरवून रात्री घरातून ओढून नेलेले आणि सकाळी रस्त्यावर सापडलेले गावकरी वेगळेच. त्यांच्या बायकांना मी जवळून पाहिलं आहे. या दादालोकांनी, म्हणजे नक्षलवाद्यांनी, जंगलात न्याय आणला असं मी कधी म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. समोरून गोळीबार होत असताना तू गोळी झाडलीस, तर त्याचा जाब मी तुला विचारणार नाही.

माझं बोलणं गोळीबार थांबल्यावरच्या वेळेबद्दल आहे. तुझाही प्रश्न तिथलाच आहे.

रामचंद्रन नायर हे नाव तू ऐकलं नसशील. ते केरळचे, केंद्रीय राखीव पोलीस दलातले साधे शिपाई. वायनाडच्या तिरुनेल्लीच्या जंगलात १८ फेब्रुवारी १९७० ला वर्गीस नावाचा नक्षलवादी नेता मारला गेला. जमीनदारांकडे वेठीनं राबणाऱ्या आदिवासी मजुरांमध्ये तो काम करायचा आणि ते त्याला आपला मुखिया मानायचे. पोलिसांनी सांगितलं, चकमकीत मेला. पुढे २८ वर्षं सरकारदरबारी हीच हकिगत होती. १९९८ साली नायर यांनी उघडपणे सांगितलं की वर्गीस जिवंत पकडला गेला होता, त्याच्यावर गोळी मी झाडली आणि ती वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हुकमावरून झाडली. नकार दिलास तर तुझंही तेच होईल, अशी धमकी आपल्याला दिली गेली, असं त्यांचं म्हणणं होतं. उच्च न्यायालयाच्या आदेशानं तपास सीबीआयकडे गेला. कबुली देणारा माणूस अर्थातच आरोपी झाला. खटल्याचा निकाल ऐकायला तो राहिला नाही, २००६ मध्ये वारला. २०१० च्या ऑक्टोबरात हुकूम देणाऱ्या त्या अधिकाऱ्याला, के. लक्ष्मणा यांना, जन्मठेप झाली. तोवर ते मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त होऊन म्हातारे झाले होते.

या माणसाचा मी फार विचार केला आहे. हुकूम आणि गोळी यांच्यात किती वेळ गेला असेल? फार तर काही मिनिटं. त्या मिनिटांत त्यांच्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं आणि तोंडात तयार शब्द नव्हते. नंतरची २८ वर्षं शब्द होते, पण ते उघडपणे काढायची सोय नव्हती.  लोक म्हणतात त्यांनी फार उशीर केला. मला मात्र त्यांचं मोल वाटतं. बोलल्यानं तुरुंगाखेरीज काही हाती लागणार नव्हतं, तरी ते बोलले.

आणि मला आणखी एक दिसतं. असलं काम कचरणाऱ्याकडून मुद्दाम करून घेतलं जातं. तयार असलेल्याला हुकूम द्यावा लागत नाही. पण कचरणारा उद्या साक्षीदार होऊ शकतो. त्याचेही हात एकदा बरबटले की टोळीत वेगळा कोणी उरत नाही. बराकीत तुझ्या न हसण्याकडे कुणाचं लक्ष गेलं असेल तर हे ध्यानात ठेव.

आता कायद्याचं. प्रशिक्षणात तुम्हाला कलमं पाठ करायला लावतात, त्यात भारतीय न्याय संहितेचं कलम १४ असेल. जुन्या दंडविधानात ते ७६ होतं. वरिष्ठांच्या आज्ञेनं जमावावर गोळी झाडणाऱ्या सैनिकाचं उदाहरण त्यात आहे, आणि शिपाई तेवढंच लक्षात ठेवतात. पण ती आज्ञा कायद्याला धरून असली तरच संरक्षण मिळतं, ही अट त्याच वाक्यात आहे. नीट वाच. २०११ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबईच्या एका बनावट चकमकीचं प्रकरण आलं होतं. तेव्हा न्यायालयानं न्यूरेंबर्गच्या खटल्यांचा दाखला देऊन स्पष्ट सांगितलं की वरून हुकूम होता ही सबब पोलिसाला चालणार नाही, बेकायदा हुकूम नाकारणं हे त्याचं कर्तव्य आहे. त्याच प्रकरणात २०१३ साली सत्र न्यायालयानं १३ पोलिसांसह २१ जणांना दोषी ठरवलं, आणि मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं त्यातल्या बहुतेक पोलिसांची जन्मठेप कायम केली. साहेबाच्या शब्दाखातर गेलेल्यांनाही त्याच तुरुंगात जावं लागलं.

सर्वोच्च न्यायालयाचा चकमकींबद्दलचा २०१४ चा निकालही शोधून वाच. चकमकीत माणूस मेला की गुन्हा नोंदवायचा, तपास सीआयडीनं किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकानं करायचा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हायची, हे सगळं त्यात आहे. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती बढतीबद्दलची सूचना. शौर्य निर्विवाद सिद्ध झाल्याशिवाय चकमकीनंतर लगेच बढती किंवा शौर्यपुरस्कार देऊ नये, असं न्यायालयानं म्हटलं आहे. मेलेल्या माणसावर फीत आणि बक्षीस लटकू लागलं की जिवंत पकडण्यात कुणाला रस राहील?

तुझे सोबती तुला म्हणतील, जंगलात असला पुस्तकी कायदा चालत नाही. त्यांना अलीकडचीच एक गोष्ट सांग. ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती हा माओवाद्यांचा बडा नेता आपल्या ६० साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवली गेली, फोटो निघाले, पुनर्वसनाच्या योजना लागू झाल्या. मला त्याचा आनंद झाला. ती शस्त्रं पुन्हा कुणाच्या पोरावर रोखली जाणार नाहीत. पण मंडपात बंदूक खाली ठेवणाऱ्याला सरकार घर देतं, तर नाल्याकाठी जखमी होऊन बंदूक टाकणाऱ्याचा जीव कुठल्या हिशेबानं घ्यायचा? त्यानंही शस्त्र टाकलंच आहे. फरक फक्त कॅमेऱ्याचा.

आणि समोर कोण आहे, हे तरी नेहमी कुठे कळतं? २०१८ च्या एप्रिलमध्ये बोरिया-कसनासूरला इंद्रावतीच्या काठी आणि पाठोपाठ दुसऱ्या ठिकाणी मिळून ४० जण पोलीस कारवाईत मारले गेले. गट्टेपल्लीच्या काही आईबापांनी तेव्हा सांगितलं, आमची पोरं लग्नाला निघाली होती. पोलिसांनी सांगितलं, ती माओवाद्यांच्या दलमात, सशस्त्र तुकडीत, नव्यानं भरती झालेली होती. त्या आईबापांना मी खोटं म्हणू शकत नाही, आणि तिथे नेमकं काय घडलं ते मी पाहिलेलं नाही. मात्र या जिल्ह्यात आश्रमशाळेच्या एकाच बाकावरच्या दोन पोरांपैकी एक खाकीत गेलं आणि एक दलमात, एवढं मी पाहिलं आहे. कोण कुठे गेलं ते बऱ्याचदा विचारांवर ठरलं नाही. कुणाच्या बापाला वनरक्षकानं झोडपलं, कुणाला दहावीनंतर दुसरी वाटच नव्हती, कुणाच्या गावात कोण आधी पोचलं, यावर ते ठरलं. पलीकडे छत्तीसगडच्या बस्तरात तर सरकारनंच अर्धशिक्षित आदिवासी पोरांना महिना ३,००० रुपयांवर विशेष पोलीस अधिकारी करून हाती बंदुका दिल्या. ५ जुलै २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं, पण तोवर सलवा जुडूम या माओवादविरोधी मोहिमेच्या नावाखाली गावंच्या गावं उठली होती.

तू काय करायचंस ते सांगतो. नकार त्या क्षणी सुचत नाही, म्हणून आत्ताच तयार ठेव. 'साहेब, हा ताब्यात आहे, मी मारणार नाही, याला ठाण्यात नेऊ या.' एवढं वाक्य मोठ्यानं, चार जणांना ऐकू जाईल असं म्हणायचं. चौघांनी ऐकलं की हुकूम देणाऱ्यालाही विचार करावा लागतो. तुझ्या तुकडीत तुझ्यासारखा आणखी एक तरी असेल. त्याला शोध. दोघं एका बाजूला उभे राहिलात तर गोष्ट बदलते.

आणि सुरुवात लहान गोष्टींपासून कर. गस्तीवर गेलास की कुणाच्या अंगणातली कोंबडी उचलायची नाही. चौकशीत म्हाताऱ्याच्या कानाखाली मारायची नाही, दुसरा मारत असेल तर मध्ये पडायचं. लोकांशी माडिया भाषेत बोलायचं. ज्याला कोंबडी उचलताना नाही म्हणता आलं नाही, त्याला पुढे मोठ्या वेळी ते जमेल, असं मला वाटत नाही.

याची किंमत द्यावी लागेल, हे लपवत नाही. बदली होईल, शेरा खराब येईल, बराकीत कुणी बोलणार नाही. कदाचित नोकरीही जाईल. तुझ्या आईला हे मी समजावून सांगेन, ते माझ्यावर सोड. धानाची रोवणी यंदा मी करून घेतो, तू पैशाची चिंता करू नकोस.

मुंबईच्या बनावट चकमकीवरचा आणि २०१४ चा, या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन्ही निकालांची मराठीत टिपणं काढायला आरमोरीच्या एका ओळखीच्या वकिलाला सांगितलं आहे. सुट्टी मिळाली की आधी माझ्याकडे ये, मग घरी जा. आणि त्या जुन्या शिपायाशी वैर धरू नकोस. जमलं तर एकदा एकट्याला गाठून विचार, त्या रात्री त्याला स्वतःला झोप लागली होती का.

तुझा,
मामा