खांदेरीचा दिवा

खारं पाणी आम्हा अकोलेकरांना नवं नाही. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी लागतं, पण घोटभर पिववत नाही. जमिनीखाली समुद्र पुरलेला आहे, असं आमची म्हातारी माणसं म्हणायची. उघडा समुद्र मात्र मी अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा पाहिला, आणि बराच वेळ तोंडातून शब्द फुटला नाही. आमच्याकडे नजर कुठंतरी निंबावर, मेळघाटाच्या निळ्या रेघेवर टेकते. इथं टेकायला काहीच नव्हतं. होतं ते एक बेट आणि बेटावर एक पांढरा मनोरा.

ते खांदेरी. चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यातून होडीत चढलो. नरनाळा, गाविलगड पाहिलेला माणूस मी. गड म्हटला की घाट, झाडी, चढण. इथं लाटांवर डुलत गडाला जायचं! नाखवा एका हातानं सुकाणू धरून निवांत बसला होता. मी दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली होती.

1679 साली शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं मायनाक भंडारींनी इथं तट बांधायला घेतला. मुंबईच्या तोंडावर मराठ्यांचा किल्ला होतोय म्हटल्यावर इंग्रजांनी जहाजं आणून बेटाभोवती पहारा बसवला. पण थळहून मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात, उथळ पाण्यातून सामान पोचवत राहिल्या. दौलतखानाचं मराठा आरमार मदतीला आलं आणि 1680 च्या आरंभी इंग्रजांना माघार घ्यावी लागली. ज्या पाण्यात अंधार हाच मराठ्यांचा सोबती होता, तिथंच पुढं इंग्रजांनी दिवा लावला. किल्ला 1818 मध्ये त्यांच्याकडे गेला आणि 1867 साली हे अष्टकोनी दीपगृह उभं राहिलं. आज त्याला कान्होजी आंग्रे यांचं नाव आहे.

बेटावर उतरलो. चाकांच्या गाड्यावर चढवलेली तोफ दिसली, वेताळाचं देऊळ दिसलं. कोळी बांधव इथं नारळ वाहिल्याशिवाय पुढं जात नाहीत. जवळच एक मोठा दगड आहे. लहान खड्यानं त्यावर टोला दिला, तर भांड्यासारखा खणखणला! कान लावून मी तीनदा वाजवून पाहिला. आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना गडाच्या टाक्यांत गोडं पाणी! खारपाणपट्ट्यातल्या माणसाला ह्यापेक्षा मोठा चमत्कार कोणता?

मनोऱ्याखाली उभा राहिलो तेव्हा मन गेलं ते दिवा राखणाऱ्या माणसांकडे. वीज नव्हती तेव्हा दीपगृहांत तेलाचा दिवा असे. त्याभोवती काचेच्या लोलकांची कडी. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसानं शोधलेली ही रचना साध्या ज्योतीचा उजेड गोळा करून कित्येक कोसांवर फेकते. भिंग फिरायचं ते घड्याळासारख्या यंत्रावर. त्याची वजनं हातानं चावी देऊन वर चढवायची, खाली आली की पुन्हा चढवायची, रात्रभर. सकाळी काचेवरची काजळी पुसायची आणि दिवसा पडदे ओढायचे, नाहीतर तेच भिंग सूर्याचं ऊन एकवटून आग लावायचं. पावसाळ्यात समुद्र खवळला की होडी लागत नाही. मेळघाटातल्या गावांत जसं पावसाआधी धान्य भरून ठेवतात, तसंच इथंही. एखादं पोर तापानं फणफणलं, तरी समोर दिसणारा किनारा गाठता येत नसे. आणि घरात काहीही झालं तरी सूर्य मावळला की दिवा लागलाच पाहिजे.

परतताना एक साल डोक्यातून जाईना: 1867. त्याच साली अकोला, बडनेरा करत रेल्वे नागपूरला पोचली. बैलगाड्यांवर आठवडेच्या आठवडे वाटेत घालवणारा वऱ्हाडचा कापूस आगगाडीनं मुंबईच्या बंदरात जाऊ लागला आणि तिथून जहाजांत भरून विलायतेला. मुंबईच्या बंदरात ये-जा करणाऱ्या जहाजांना वाट दाखवणाऱ्या दिव्यांपैकी हा एक. आमच्या आजे-पणज्यांनी उन्हात वेचलेला कापूस इथल्या माणसांनी जागून राखलेल्या उजेडातून सुखरूप पार झाला. त्यांनी आमचं शेत पाहिलं नाही, आम्ही त्यांचा समुद्र पाहिला नाही.

2025 साली खांदेरी मराठ्यांच्या इतर किल्ल्यांसोबत जागतिक वारसा यादीत गेली. आपली मंडळी अलिबागला जातात, वाळूत बसून भेळ खातात आणि परततात. पुढच्या खेपेला एक दिवस काढा, समुद्र शांत असताना थळहून होडी धरा. वेताळाला नारळ वाहा, आणि मनोऱ्याखाली उभे राहून एक नमस्कार ज्यांची नावं कुठल्याही शिळेवर कोरलेली नाहीत त्या दिवा लावणाऱ्यांना करा. वऱ्हाडाचं त्यांच्याकडं देणं आहे.