पाणी चढवणे, पाणी उतरवणे

हातात धरायच्या सुऱ्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात: ज्यांचे पाते मुठीत दुमडते अशा, आणि ज्यांचे पाते मुठीत कायमचे बसवलेले असते अशा, म्हणजे अचल पात्याच्या. या दुसऱ्या वर्गात बिजागरी, कळ किंवा स्प्रिंग लागत नाही आणि पोलादाची एकच पट्टी टोकापासून मुठीच्या शेवटापर्यंत जाऊ शकते. त्यामुळे घरच्या छोट्या कार्यशाळेत, कानशी, घासपट्ट्याचे यंत्र आणि लहानशी भट्टी एवढ्या सामग्रीवर, वापरणाऱ्याच्या हाताच्या मापाने ती घडवता येते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत अशा सुऱ्या घडवण्याच्या छंदाला व्यवसायाचे रूप आले, तेव्हा त्यात दोन वाटा ठळक झाल्या. कॅलिफोर्नियातील रॉबर्ट लव्हलेस (१९२९–२०१०) यांच्यामुळे तयार पट्टी कापून आणि घासून पाते काढण्याची पद्धत मान्यता पावली. मेरीलँडमधील विल्यम मोरान यांनी मात्र ऐरणीवरची घडाई पुन्हा प्रतिष्ठेला आणली, आणि त्यांच्या पुढाकाराने १९७६ मध्ये घडाई करणाऱ्यांची अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी स्थापन झाली. कोणती वाट श्रेष्ठ हा वाद अजून रंगतो. तथापि घासलेले असो वा ठोकलेले, पात्याचा कस ठरतो तो पुढच्या टप्प्यावर, आगीत.

नवशिक्याला बहुधा १०८४ क्रमांकाचे पोलाद सुचवले जाते. या क्रमांकातील पहिले दोन अंक साधे कार्बनयुक्त पोलाद दर्शवतात आणि शेवटचे दोन कार्बनचे प्रमाण, म्हणजे शेकडा सुमारे ०.८४, सांगतात. महाराष्ट्रातील लोहार कोयत्यासाठी मोटारगाडीच्या कमानीचा जुना पाटा निवडतो, त्यामागेही कडक होणारे पण चिवट पोलाद हवे हाच विचार असतो. पट्टीला आकार देऊन दोन्ही अंगांनी उतार काढताना धारेची कड मुद्दाम अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाड ठेवावी लागते, कारण आधीच पातळ केलेली कड भट्टीतून तेलात जाताना वाकते किंवा तडकते.

पाते तापवून झटक्यात थंड करण्याच्या क्रियेला मराठीत ‘पाणी देणे’ किंवा ‘पाणी चढवणे’ म्हणतात. थंड करण्यासाठी तेल वापरले तरी शब्द पाण्याचाच राहतो. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलादावरचा लोहचुंबकाचा प्रभाव संपतो. ही खूण पटल्यावर आणखी थोडे, म्हणजे ८१५ अंशांच्या आसपास, तापवून पाते कोमट तेलात सरळ बुडवले जाते. साध्या पाण्यात ते इतक्या वेगाने थंड होते की पातळ पात्याला तडा जाण्याचे भय असते. तेलातून निघालेल्या पात्यावर कानस फिरवली तर ती न खाता घसरते, आणि पाणी लागल्याची खात्री पटते. परंतु तेच पाते या क्षणी काचेसारखे ठिसूळ असते आणि फरशीवर पडले तर तुटू शकते.

म्हणून लगेच दुसरी क्रिया करावी लागते: पाते सुमारे २०० अंशांवर दोन-दोन तास, दोन वेळा शेकून त्याचा थोडा कडकपणा काढून घेणे. यासाठी स्वयंपाकघरातील ओव्हन चालतो, मात्र त्याच्या काट्यावर न विसंबता आत वेगळा तापमापक ठेवणे शहाणपणाचे. घासून उजळलेल्या पोलादावर फिकट पिवळी झाक आली की ताव योग्य समजावा. निळी झाक दिसली तर धार टिकण्याइतका कडकपणा उरलेला नसतो. व्यवहारात ‘पाणी उतरणे’ हा मानहानीचा शब्द, पण या कलेत पाणी उतरवल्याविना वस्तू कामाची होत नाही. नवा कारागीर पाते किती कडक झाले याचा अभिमान धरतो. मुरलेला कारागीर त्यातले किती सोडून द्यायचे हे सुरी काय कापणार यावरून ठरवतो, कारण भाजी चिरणारे पाते अधिक कडक चालते, तर लाकूड फोडणाऱ्या पात्याला थोडा मऊपणा देऊन चिवटपणा विकत घ्यावा लागतो.

मुठीलाही हाच न्याय लागू होतो. तळव्याची रुंदी मोजून, शिसवीच्या दोन फळ्या चिकटद्रव्य आणि पितळी खिळ्यांनी पट्टीला जोडल्यावर, कारागीर लाकूड काढत जातो आणि हात भरेल इतकेच ठेवतो. अंतिम धार निसण्यावर लावली जाते ती सर्वांत शेवटी, जेणेकरून मूठ घासताना बोट कापू नये.

तयार सुरीची चमक आणि मुठीचा रंग पाहून तिच्यात उतरवलेले पाणी कळत नाही. म्हणून घेणाऱ्याने कारागिराला आधी पोलाद कोणते आणि ते किती अंशांवर, किती वेळ शेकले हे विचारावे. घरी नेल्यावर वापर झाला की पाते पुसून कोरडे ठेवावे, कारण कार्बनयुक्त पोलाद गंजते.