खर्ज ऐकायला चला वाशिमला!

'होळीला कुठे?' या प्रश्नाला 'वाशिम' असं उत्तर दिलं की ऑफिसात पुढचा प्रश्न ठरलेला: 'तिथे बघायला काय आहे?' बघायला आहे हो, पण खरी मजा आहे ती ऐकायला. मानोरा तालुक्यातला एखादा बंजारा तांडा, होळीची रात्र आणि वीस-पंचवीस पुरुषांचा घोळका एका दमात गातोय. तो आवाज कानात नाही, थेट छातीत वाजतो.

मी आधीपासूनच खर्जाचा फॅन. आपल्या प्लेलिस्टमधले बहुतेक हीरो वरच्या पट्टीत प्रेम करतात. मला मात्र हेमंतकुमार हवेत. माणूस बंगाली, पण हृदयनाथ मंगेशकरांच्या संगीतात 'मी डोलकर' असं गायले की अख्ख्या महाराष्ट्राला तो आपल्याच किनाऱ्यावरचा कोळी वाटला. आवाजच तसा. भरदार आणि कसलीही घाई नसलेला.

हे वेड जपानलाही होतं. तिथल्या फ्रँक नागाई नावाच्या गायकाची ओळखच 'मोहवणारा खर्ज' अशी करून दिली जायची. आधी तो अमेरिकन सैनिकांच्या क्लबांत जॅझ गायचा. 1957 साली आलेलं त्याचं 'युराकुचो दे आइमाशो' हे गाणं तुफान गाजलं. अर्थ काय, तर 'युराकुचोला भेटू या'. टोकियोतल्या त्या भागात नवं डिपार्टमेंट स्टोअर उघडत होतं आणि गाण्यातून त्याची जाहिरात होणार होती. म्हणजे आपल्याकडच्या 'दादरला भेटू'सारखंच! 1961 साली त्याला जपान रेकॉर्ड अवॉर्ड मिळालं. 2008 साली तो गेला, पण रात्री हेडफोन लावून ऐका, अजूनही शेजारी बसून बोलतोय असं वाटतं.

माइकची कमाल

खर्ज आवडतो का? शास्त्राचं उत्तर साधं आहे. वयात येताना मुलांच्या स्वरतंतूंची लांबी आणि जाडी वाढते, म्हणून आवाज फुटतो आणि खाली उतरतो. खालचा आवाज म्हणजे मोठा, पिकलेला माणूस, असं आपला मेंदू धरून चालतो.

पण नागाई किंवा हेमंतकुमार यांच्या खर्जाला एक गोष्ट लागते, ती म्हणजे माइक. माइक आला आणि गायकाला शेवटच्या रांगेपर्यंत ओरडायची गरज उरली नाही. तो तुमच्या कानाशी कुजबुजू शकला. एक गायक, एक श्रोता. मग माइक नसलेल्या उघड्या माळावर खर्जाचं काय होतं? त्याचं उत्तर मला वाशिममध्ये मिळालं.

तांड्यावरची रात्र

वाशिम हा तसा नवा जिल्हा, 1998 साली अकोल्यातून वेगळा झालेला. पण मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी बंजारा समाजाची काशी म्हणून देशभर माहीत आहे. संत सेवालाल महाराजांची समाधी इथेच. रामनवमीच्या यात्रेला तर पाय ठेवायला जागा नसते. 2024 साली इथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. इमारतीचा आकार चक्क नगाऱ्याचा!

पूर्वी बंजाऱ्यांचे बैलांचे तांडे धान्य आणि मीठ लादून देशभर फिरायचे. रेल्वे आली, तो व्यापार बसला आणि तांडे एका जागी थांबले. बरोबर आली ती गोरबोली. तिला स्वतःची लिपी नाही. त्यामुळे गाणी राहिली ती गळ्यात.

होळीच्या गाण्यांना म्हणतात लेंगी. एक जण ओळ टाकतो, बाकीचे उचलतात. हातात डफ, पाय जमिनीवर दणकट ताल धरतात. मधूनच कुणीतरी डफ जाळावर शेकून आणतो. गारव्यानं चामडं सैल पडतं, ऊब लागली की ताणतं आणि आवाज परत खणखणीत होतो. गळा कुणाचाच 'ट्रेन' केलेला नाही. आपण बोलतो त्याच्या जरा वर, पण पोटातून. एकेकटा आवाज घेतलात तर त्यात विशेष काही नाही. वीस आवाज एकत्र आले की मात्र अंगावर सर्रकन काटा येतो.

'भाऊ, एकट्याचा आवाज कितीक जाईन? वीस जनं पायजेत,' शेजारी बसलेले काका म्हणाले. मग हळूच म्हणाले, 'मागच्या साली आठच होते.'

का? तांड्यावरची निम्मी माणसं ऊसतोडीला किंवा शहरात बांधकामावर जातात. होळी लवकर आली आणि कारखान्याचा पट्टा पडला नसला, म्हणजे गाळप संपलं नसलं, की ती परत येत नाहीत. गाणं तेच, ताल तोच, पण खालचा थर गायब. आठ जणांची लेंगी ऐकू येते. वीस जणांची जाणवते.

हिंजवडीचा गेरिया

घोळक्यात माझ्याच वयाचा एक जण होता. हिंजवडीत आयटीवाला. सहा महिन्यांच्या मुलाची धुंड होती म्हणून चार दिवसांची सुट्टी टाकून आलेला. धुंड म्हणजे वर्षभरात जन्मलेल्या बाळाचा होळीतला सोहळा. गेरिया, म्हणजे तांड्यातले पुरुष, बाळाभोवती जमून, काठ्या वाजवत त्याच्यासाठी गातात.

'पहिल्या रात्री माझा आवाजच लागत नाही,' तो सांगत होता. 'वर्षभर कॉलवर हळू बोलायची सवय. वडिलांच्या बाजूला उभा राहिलो की हळूहळू खाली उतरतो.' त्याला लेंगी कुणी शिकवली नाही. वडिलांच्या शेजारी उभं राहणं, हीच काय ती शिकवणी. घरी पुण्यात मुलाशी गोरबोली बोलायला तो एकटाच. त्यामुळे मुलाला हे सगळं कुठून मिळणार, ही काळजी त्याच्या बोलण्यात सारखी डोकावत होती.

गेल्या वर्षी त्यानं रेकॉर्डिंग केलं होतं. मोबाइलवर लावून दाखवलं. शब्द स्वच्छ, डफाची टणटण स्वच्छ, पण छातीत वाजणारं ते काहीतरी साफ गुल! मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला खालचे सूर झेपतच नाहीत. जे जपायला रेकॉर्डिंग केलं, नेमकं तेच गाळलं गेलं. तो हसला, फोन खिशात टाकला आणि परत घोळक्यात शिरला. वडिलांच्या शेजारीच.

दुसऱ्या दिवशी त्या बाळाच्या डोक्यावर ते सगळे आवाज एकदम उठले. आम्हाला वाटलं आता भोकाड पसरणार. पठ्ठ्या टकामका बघत राहिला.

खंजिरी जपानला गेली

एक गंमत सांगतो. वऱ्हाडच्या आवाजाचं आणि जपानचं नातं खरोखरीचं आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज, त्यांचा पहाडी आवाज आणि खंजिरी विदर्भातल्या घराघरात माहीत. 1955 साली ते जपानला विश्वधर्म परिषदेला गेले, ते खंजिरी घेऊनच. आजही विदर्भातल्या कितीतरी गावांत संध्याकाळी त्यांची सामुदायिक प्रार्थना होते. तिथेही तोच हिशेब: एकाचा गळा नव्हे, गावाचा गळा.

नागाईचा खर्ज मला अजूनही आवडतो. पण तो माझ्या एकट्यासाठी गातो. वाशिमचा खर्ज माणसं मोजून घेतो.

कसं जाल? मुंबई-हावडा मार्गावरच्या अकोल्याला उतरा. तिथून पूर्णेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर वाशिम आहे. गाडी असेल तर समृद्धी महामार्ग 2025 पासून पूर्ण खुला आहे; कारंजाला उतरून मानोऱ्याकडे वळा. होळीला जाणार असाल तर ओळखीतून जा आणि आधी तांड्याच्या नाईकांची परवानगी घ्या. ज्वारीची भाकरी समोर आली तर तिला 'बाटी' म्हणा, यजमान खूश होतील. कुणी हाताला धरून घोळक्यात ओढलंच, तर लाजू नका. सूर नसला तरी चालतो. माणूस कमी पडलेला चालत नाही.