मस्टरवर नसलेली नावे

मैत्रिणींनो, आमच्या घरी गिरणीची गोष्ट निघाली की ती पुरुषांचीच! आजेसासरे कोकणातून परळला आले, बदली कामगार म्हणून लागले. पुढे सासरेही साच्यावर उभे राहिले. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. सासऱ्यांची नोकरी गेली ती गेलीच.

पण चूल कुणी पेटती ठेवली? आजेसासूबाईंची २० जणांची खाणावळ होती. संपात जेवणारेच गावी परतले, तीही बसली. मग सासूबाईंनी पापड लाटून मुलांच्या फिया भरल्या.

परवा माझ्या मुलाने शाळेसाठी वंशावळ काढली. तीत बायका नव्हत्याच! या दोघींची नावे मी आधी लिहायला लावली. तुम्हीही विचारून ठेवा हो, सांगणाऱ्या आहेत तोवर.