कुंकवाएवढा ठिपका

आजीच्या डाव्या मनगटावर हिरवट-काळं तुळशीवृंदावन होतं. लग्न होऊन ती रायपूरला तात्यापाऱ्यात आली, तेव्हा दारावर गोदना करायला येणाऱ्या देवार बाईकडून तिनं ते गोंदवून घेतलं. दिव्याची काजळी, एकत्र बांधलेल्या सुया, वरून हळद-तेल. त्याच सुया मग शेजारणींच्या हातांवर चालल्या. आजीला काही झालं नाही ते तिचं नशीब. मी मात्र त्याला पुरावा समजून बसले.

आजी गेल्यावर मला तसंच वृंदावन हवंसं वाटलं. फेब्रुवारीत एका स्टुडिओत गेले. मुलानं हातमोजे घातले, सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडलं, मी निर्धास्त झाले. शाई पातळ करायला त्यानं टेबलावरच्या पिण्याच्या बाटलीतलं पाणी घातलं. तेही पाहिलं, पण डोक्यात काही आलं नाही. शेवटी म्हणाला, "दीदी, एक लाल डॉट डाल दूँ? उठके दिखेगा." आजीच्या गोंदणात लाल नव्हतं. तरी मी मान डोलावली.

जखम पंधरा दिवसांत भरली. मेच्या उन्हात ठिपका खाजू लागला. काळ्या रेघा जशाच्या तशा सपाट. लाल तेवढा मसुराएवढा फुगला. उठून दिसत होता खरा.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं आणि विचारलं, "शाई कुठली होती?" साडी घेताना दहादा सूत विचारणारी मी, हे विचारलंच नव्हतं. टॅटूच्या रंगांत ॲलर्जी सर्वांत जास्त लालाची, त्या म्हणाल्या. ती महिन्यांनी, कधी वर्षांनीही उठते. पूर्वी या लालात पाऱ्याचा हिंगूळ असे, आता बहुधा ॲझो रंग असतात. युरोपीय संघानं जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर बंधनं घातली आहेत.

"लेझरनं काढून टाका ना."

"ॲलर्जी असताना नको. रंगाचे कण फुटले तर ती अंगभर उठू शकते."

गाठीतच स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. ते टॅटूपेक्षा जास्त दुखलं. पाण्याची गोष्ट ऐकून मात्र बाई गंभीर झाल्या. साध्या पाण्यात क्षयाच्या जंतूंचे भाऊबंद असतात. २०११ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये १९ जणांना तसाच संसर्ग झाला, आणि तिथे शाई तर आधीच पातळ केलेली, बाटलीबंद आलेली होती. त्यांनी माझ्या हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्याही तपासण्या करून घेतल्या. निकाल येईपर्यंतच्या दोन रात्री मी घरात कुणाला काही सांगितलं नाही.

सगळं ठीक निघालं. सप्टेंबरात शेजारच्या सिकलसेल असलेल्या मुलाला रक्त लागलं. माझा गट बी निगेटिव्ह, म्हणून धावत गेले. फॉर्म भरून घेणाऱ्या मुलीची नजर मनगटावर गेली. "टैटू कब करवाया, दीदी?" सात महिने झाले होते, नियम बारा महिन्यांचा. तपासण्यांचे कागद दाखवले. ती नम्रपणे म्हणाली, लागण नवीन असेल तर चाचणीत काही काळ दिसत नाही, आणि नियम सगळ्यांना एकच. बाकावर त्या मुलाची आई बसली होती. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं, काही बोलली नाही. रक्त दुसऱ्या कुणाचं तरी मिळालं, संध्याकाळी.

पुढच्या मार्चमध्ये मी रक्त द्यायला पुन्हा गेले. सुई उजव्या हातात टोचली. डाव्या हातावरचा ठिपका तेव्हाही खाजत होता.