टीटी म्हणजे काय रे भाऊ?

मुंबईत नवीन आले तेव्हाची गोष्ट. रूममेटचा फोन, ‘दादर टीटीला उतर, मी आलेच.’ मी गार! आमच्या लोह्यात टीटी म्हणजे पायात गंजका खिळा घुसल्यावर सरकारी दवाखान्यात टोचतात ते इंजेक्शन. त्या नावाचा बसस्टॉप असतो? कंडक्टरला विचारायची लाज वाटली. दोन स्टॉप पुढे जाऊन उतरले आणि बॅग ओढत परत आले.

टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, हे कळायला पुढे सहा वर्षं गेली. तेही एका एडिटरच्या कृपेनं. ‘मुंबईत ट्राम कशी सुरू झाली यावर आठशे शब्द दे. लाइट ठेव. शेवट पॉझिटिव्ह हवा.’ आता फ्रीलान्सर माणसाच्या डिक्शनरीत ‘नाही’ हा शब्द नसतो. ज्या गावाच्या नावातच लोखंड आहे, पण रेल्वे पकडायची तर तीसेक किलोमीटरवर नांदेड गाठावं लागतं, त्या गावची मी. म्हटलं, लिहू ट्रामवर!

मला वाटायचं, ट्राम म्हणजे डोक्यावर तार, पायाखाली घंटा, जुन्या सिनेमातल्यासारखी. पण विजेची ट्राम मुंबईत आली ७ मे १९०७ ला. त्याआधी तेहतीस वर्षं ट्राम ओढली ती घोड्यांनी! पहिली गाडी धावली ९ मे १८७४ ला. रूट दोन. कुलाबा ते पायधुणी, क्रॉफर्ड मार्केटवरून. आणि बोरीबंदर ते पायधुणी, काळबादेवीवरून. गाड्या चालवणारी कंपनी स्टर्न्स अँड किटरेज, आणि तिच्या तबेल्यात सुमारे ९०० घोडे.

तुम्हाला हा नुसता आकडा वाटेल. मी माळेगावच्या यात्रेच्या तालुक्यातली आहे. मार्गशीर्षात खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, तो मी अप्पांच्या खांद्यावर बसून पाहिलाय. त्यामुळे माझ्या डोक्यात लगेच हिशेब सुरू. नऊशे तोंडांना वैरण किती? पाणी किती? लीद उचलायला माणसं किती? रूळ असले की चाक खड्ड्यात अडखळत नाही, म्हणून तोच घोडा जास्त माणसं ओढू शकतो, हे खरं. पण मुंबईच्या उन्हात तोही दमणारच. मग त्याला सोडायचं आणि ताज्या दमाचा घोडा जुंपायचा. म्हणजे शिफ्ट ड्युटी काही आपल्या कॉल सेंटरवाल्यांनी शोधलेली नाही!

भाड्याची गंमत तर ऐका. सुरुवातीला तीन आणे, आणि तिकीट मिळायचंच नाही! गर्दी वाढली तसं भाडं उतरून दोन आण्यांवर आलं, १८९९ मध्ये एका आण्यावर. आणि आपलं? २०२५ मध्ये बेस्टचं किमान भाडं पाचाचे दहा रुपये झालं, तेही नेमकं ९ मे लाच. ट्रामच्या वाढदिवसाचं गिफ्ट!

इथपर्यंत सगळं लाइट होतं. मग एक वर्ष आडवं आलं. १८६५.

ट्रामची कल्पना खरं तर तेव्हाचीच. एका अमेरिकन कंपनीनं अर्ज केला होता आणि परवानाही मिळाला होता. अडलं कशावर? कापसावर. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिथला कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना आपल्या कापसाची गरज पडली. मुंबईत पैशांचा पाऊस पडला. कोणीही उठावं आणि शेअर्स घ्यावेत. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, शेअरबाजार आपटला, बँका बुडाल्या. शहर मंदीत गेलं आणि ट्राम कागदावरच राहिली. प्रत्यक्ष धावली नऊ वर्षांनी.

हे वाचताना मी लॅपटॉपसमोर एकटीच हसले. आमच्याकडे कापूस बुडाला की लग्नं पुढं ढकलतात. मुंबईनं ट्राम पुढं ढकलली, एवढाच काय तो फरक!

माझं मास कॉमही असंच ढकललं गेलं होतं. २०१७ च्या खरिपात बोंडअळीनं कापूस खाल्ला. अप्पा बोलले काहीच नाहीत, फक्त कॉलेजचं माहितीपत्रक देवळीत ठेवून दिलं. मी समजले. २०१८ च्या ऐवजी २०१९ ला अॅडमिशन घेतली. एक वर्षच तर होतं. पण त्या एका वर्षानं काय केलं? लॉकडाऊन लागला आणि माझा अर्धा कोर्स लोह्याच्या गच्चीवर झाला, मोबाइल उंच धरून, रेंज शोधत. माझ्या आधीच्या बॅचला न्यूजरूममधली इंटर्नशिप मिळाली. मला पीडीएफ मिळाल्या.

असो. मी शेवटचा परिच्छेद टाइप केला, एडिटरला हवा तसा. ‘ट्राम नऊ वर्षं उशिरा आली, पण आली. आणि मग नव्वद वर्षं धावली. तुम्हालाही उशीर झालाय असं वाटत असेल, तर...’ तेवढ्यात अप्पांचा फोन.

‘काय करायलीस बाई?’

‘लिहितेय. ट्रामवर.’

‘हां. धाकट्याचं बोलायचं होतं. त्याला तिकडं तुझ्याकडं कोर्सला यायचंय. पण २०२५ च्या पावसात कापूस गेला, तुला ठावं हायच. यंदा राहू दे म्हणलं त्याला. पुढच्या साली बघू.’

मागून त्याचा आवाज नाही. म्हणजे तोही समजला होता.

स्क्रीनवर माझं वाक्य तसंच होतं. उशीर झाला तरी चालतं, म्हणे. हे मी त्याला सांगू शकले असते का? शहराला नऊ वर्षं परवडतात. १८६५ मध्ये ज्यांनी ट्राममध्ये बसायचं स्वप्न बघितलं असेल, त्यातले काही जण ९ मे १८७४ ला नसतीलही. इतिहासात त्यांचा कॉलम नसतो.

मी म्हटलं, ‘अप्पा, त्याला यंदाच पाठवा. पहिला हप्ता मी भरते.’

‘आन् तुझ्या रूमचं?’

माझी एक छोटी एफडी होती, डिपॉझिटसाठी. स्वतःची वन रूम किचन, कोणाच्या उशा-चादरींशिवाय. ‘माझं पुढच्या वर्षी बघू,’ म्हटलं आणि माझं मलाच हसू आलं. पुढं ढकलणं आमच्या घरात कोणाला तरी करावंच लागतं. निदान यंदा ज्याला अजून निवडायचंय त्याला नको. अप्पा काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, ‘जेवलीस का?’

मुंबईची शेवटची ट्राम धावली ३१ मार्च १९६४ ला, बोरीबंदर ते दादर. ट्राम गेली, रूळ डांबराखाली गेले, टीटी तेवढं लोकांच्या तोंडात राहिलं. धाकटा जूनमध्ये येईल. मी त्याला दादर टीटीलाच उतर म्हणणार आहे. पण टीटी म्हणजे काय, ते त्याला आधीच सांगून ठेवलंय. दोन स्टॉप पुढे जायला नको.