खात्यातला माणूस

टपाल खात्याच्या आमच्या आर.एम.एस.मध्ये, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, लिहिण्याची हौस असलेले बरेच होते. 'रिटायर झालो की बघू' हे सगळ्यांचं पालुपद. रात्रभर धावत्या डब्यात थैल्या फोडायच्या, पत्रं खणांत टाकायची, उजाडता उतरून रेस्ट हाऊसवर आडवं व्हायचं. यात कादंबरी कुठून सुचणार? अशात इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलपचं आत्मचरित्र हाती आलं. हा तर आपल्याच खात्यातला निघाला!

१८३४ साली लंडनच्या टपाल कचेरीत कारकून. १८४१ मध्ये आयर्लंडला गेला आणि घोड्यावरून खेडोपाडी हिंडत टपालवाटपाची तपासणी करू लागला. जर्सी बेटावर १८५२ मध्ये रस्त्याकडेला टपालपेट्या बसल्या, त्या याच्याच शिफारशीने. नोकरी सोडली थेट १८६७ मध्ये, तोवर नावाजलेला कादंबरीकार झालेला.

हे कसं साधलं? आगगाडीचा प्रवास फार, म्हणून मांडीवर ठेवायची छोटी फळी करून घेतली आणि डब्यातच पेन्सिलीने लिहू लागला. 'बारचेस्टर टॉवर्स'चा बराचसा भाग असाच उतरला. पत्नी रोझ त्याची स्वच्छ प्रत काढून देई. घरी असला की पहाटे साडेपाचला टेबलाशी, समोर घड्याळ, पाव तासाला २५० शब्द. वर पुस्तकांची कमाईही त्याने छापली: ६८,९३९ पौंड, १७ शिलिंग, ५ पेन्स. रसिकांनी नाकं मुरडली. मला मात्र तो चोख जमाखर्चच भावला.

मग बाकीचे घोरत असताना रेस्ट हाऊसच्या खाटेवर मी वही उघडू लागलो. पुढे दिवाळी अंकांत कथा आल्या, संग्रह निघाला.

ट्रोलप स्वतः देणं मानणारा होता. पहाटे कॉफी देऊन उठवणाऱ्या म्हाताऱ्या मोतद्दाराला तो वर्षाला ५ पौंड जादा देई; आपल्या यशात सर्वांत मोठं ऋण बहुधा त्याचंच, असं त्याने लिहून ठेवलंय. मला चहा देऊन उठवायचे आमच्या रेस्ट हाऊसचे वॉचमनमामा. संग्रह मी त्यांनाच अर्पण केला. पुस्तक उलटंसुलटं करून पाहत ते म्हणाले, "छान झालं साहेब. चहाची उधारी मात्र निराळी हं."